पाटाचं शेवटचं खाचर

जोथम टारी सकाळी पाटाच्या फाट्यापाशी पोहोचला तेव्हा तिथं नामेलेच्या झाडाचं पान उभं होतं. देठ ओल्या मातीत खोल खुपसलेला, दोन्ही बाजूंना पात्यांची दातेरी रांग, रंग अजून गडद हिरवा. वाऱ्यानं उडून आलेलं पान असं उभं राहत नाही. कुणीतरी हातानं रोवलं होतं.

नामेलेचं पान दिसलं की तिथं हात लावायचा नाही. नारळाला बांधलं असेल तर नारळ पाडायचे नाहीत, खडकाशी असेल तर तिथं मासे धरायचे नाहीत. ज्यानं रोवलं त्यानंच ते काढायचं. दुसऱ्यानं काढलं तर सुळेवालं डुक्कर द्यावं लागतं, आणि डुक्कर देऊनही लाज उरतेच. आमच्या माएवो बेटावर हे नुकत्याच चालायला लागलेल्या पोरालाही कळतं.

जोथमनं कुदळ खाली ठेवली. इकडे तिकडे पाहिलं. मग, तिथं कुणी नव्हतं तरी, मोठ्यानं म्हणाला, "अरे, पण का?"

फाट्यावर पाटाच्या दोन वाटा होतात. डावी जुनी, गावच्या खाचरांकडे जाणारी. उजवी नवी, पाहुण्यांच्या खाचरांकडे जाणारी. आदल्या संध्याकाळी जोथमनंच उजवी वाट दगड-चिखल लावून बंद केली होती. खेकड्यांनी पुढचा बांध पोखरला होता, तो त्यानं लिंपला. चिखल जरा आवळू दे, सकाळी उघडू, असा हिशेब. आता ते दगड बरोबर पानाच्या पायथ्याशी होते. उघडता येत नव्हते.

जोथम आमच्या गावचा पाटकरी. हे काम त्याला मामाकडून आलं. आमच्याकडे जमीन, पाणी, मान हे सगळं मामाकडून भाच्याकडे जातं. बापाकडून मिळतं ते नाक. मामा थकला तेव्हा त्यानं जोथमला फाट्यावर नेलं, त्याचा हात धरून पाण्यात बुडवला आणि म्हणाला, "गार आहे ना? गारच राहिलं पाहिजे. उभं राहिलं की पाणी तापतं, तापलं की अळूचा गड्डा सडतो. मला एवढंच येतं, तुलाही एवढंच शिकवतो." जोथम तेव्हा तरुण होता. आता त्याच्या दाढीत पांढरं शिरलं होतं, आणि रोज सकाळी फाट्यावर आल्यावर तो आधी हात बुडवायचा. लोक हसायचे. "पाणी तापलंय का बघतोय, आंघोळ करायचीय त्याला!" तोही हसायचा आणि हात तसाच धरून ठेवायचा.

पाण्यातलं अळू हेच आमचं जेवण. वादळ आलं की केळी आडव्या होतात, कोनफळं जमिनीत कुजतात, जहाज कित्येक आठवडे फिरकत नाही. खाचरातलं अळू मात्र मान खाली घालून वादळ काढतं. म्हणून पाटाचं काम सगळ्यांचं. सोमवारी घरटी एक माणूस पाट साफ करायला येतो. न येणाऱ्याला कुणी बोलत नाही, फक्त त्याच्या घरासमोरून जाताना सगळे जरा मोठ्यानं खोकतात.

समोरच्या अंबाए बेटावरचा डोंगर राख ओकायला लागला तेव्हा तिथली माणसं होड्यांनी आमच्याकडे आली. त्यांच्यात कुणाच्या बहिणी दिलेल्या, कुणाच्या सुना आलेल्या. परकं कुणीच नव्हतं. सुरुवातीला मदतीची तांदळाची पोती आली, मग येईनाशी झाली. एका पाहुण्याला जेवायला घालणं वेगळं आणि अख्ख्या वाडीला घालणं वेगळं. तेव्हा गाव बसलं आणि ठरलं की उजव्या उतारावरची पडीक खाचरं, जी कुणाच्या तरी पणज्या पिकवत असत, ती पुन्हा उभी करायची आणि पाटाची एक वाट तिकडे न्यायची. पाहुण्यांनी नि गावानं मिळून दगड रचले. लावणीसाठी प्रत्येक घरानं गड्ड्यांची टोकं दिली, कोवळ्या देठासकट कापलेली. ती टोकं म्हणजे पुढच्या वर्षाचं ताट. कुणाकडेही जास्तीची उरली नव्हती. ती वाळली असती तर पुन्हा लावायला काही नव्हतं, आणि पाहुण्यांना राखेखाली गेलेल्या गावाकडे परत जावं लागलं असतं.

हे सगळं जोथमच्या डोक्यात फिरत होतं तेव्हा मागून बार्नाबास आला. अंबाएच्या लोकांचा हा म्होरक्या. मोठा, शांत, आणि दुसऱ्याच्या गावात आवाज जपून वापरणारा माणूस.

"पान कुणाचं?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"पाटकरी तू, आणि तुला माहीत नाही?"

"मला पाणी कळतं, बार्नाबास. पानं नाही कळत."

बार्नाबासनं पानाकडे बराच वेळ पाहिलं. "आमच्यासाठी असेल. जा असं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही."

"छे छे. असं कसं?"

"मग कसं?"

 जोथम नुसता दाढी खाजवत राहिला.

त्या संध्याकाळी पुरुष नाकामालात, गावच्या बैठकीच्या घरात, जमले. कावाची मुळं कुटून पेय तयार झालं होतं, करवंट्या फिरत होत्या. गावप्रमुख विरा म्हणाला, "पान ज्याचं असेल त्यानं सांगावं. कुणी रागावणार नाही. फक्त कळलं पाहिजे की कशासाठी."

कुणीच बोललं नाही. कावा प्यायल्यावर आमच्याकडे तसंही कुणी फार बोलत नाही. 

"माझं नाही बुवा," शेवटी एक जण म्हणाला. "माझं असतं तर जरा मोठं आणलं असतं."

"तुझं असतं तर वाकडं रोवलं असतंस," दुसरा म्हणाला, आणि थोडं हसू झालं.

जोथमचा मेहुणा, त्याच्या बहिणीचा नवरा, दाराजवळ बसला होता. तो हसलाही नाही आणि बोललाही नाही. पण तो जोथमसमोर कधीच बोलत नसे, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून जोथम घरोघर फिरू लागला. त्याला वाटलं होतं, दोन-चार दारं झाली की उलगडा होईल. झालं भलतंच.

"पान माझं नाही रे," पहिल्याच घरातली म्हातारी म्हणाली, "पण आलाच आहेस तर सांगते. गेल्या साली माझ्या वरच्या खाचराला तू पाणी कमी सोडलंस."

"मी?"

"मग काय मी? बस, पानात भाजलेला लापलाप खा. कमी सोडलंस, एवढंच सांगते."

पुढच्या घरात कळलं की त्याच म्हातारीला तो नेहमी जास्त पाणी सोडतो, असा त्यांचा समज आहे. तिसऱ्या घरातल्या माणसानं त्याला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि हळूच सांगितलं, की बांधाचं तोंड रुंद करतात ते वरचे लोक, पण माझं नाव घेऊ नकोस. आणि जोथम निघाला तेव्हा त्याला दिसलं की या माणसाच्या स्वतःच्या बांधाचं तोंडही चांगलंच रुंद आहे. प्रत्येकानं खायला दिलं. पान कुणाचंच नव्हतं. जोथमचं पोट भरत गेलं आणि डोकं रिकामं होत गेलं.

"मी इतकी वर्षं वाटणी नीट करतो असं मला वाटत होतं," तो घरी येऊन बायकोला, नेलीला, म्हणाला.

"करतोस की."

"मग सगळे असं काय बोलतात?"

"तू कधी विचारलं नव्हतंस," नेली म्हणाली. "आता विचारलंस, तर लोक बोलणारच. जेवणार आहेस?"

"नको. आठ घरी जेवलोय."

वाटेत त्याला मेहुणा भेटला होता, खांद्यावर नारळाची कावड घेऊन. जोथम रस्त्याच्या कडेला झाला होता, तोही झाला होता; दोघंही एकमेकांना वाट देत उभे राहिले होते.

"दाजी, पाणी ठीक ना?" जोथमनं विचारलं होतं.

"ठीक आहे," मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला होता. वर्षानुवर्षं तो हेच म्हणत आला होता. गावात एक घर तरी आहे ज्याची तक्रार नाही, असं वाटून जोथमला तेवढंच बरं वाटलं होतं.

इकडे उजव्या उतारावर खाचरांतला चिखल वरून कोरडा पडू लागला. पानांच्या कडा आत वळल्या, काही पिवळी पडली. पाहुण्यांच्या बायका ओढ्यावरून बादल्या भरून आणायच्या आणि एकेका रोपाच्या बुडाशी ओंजळीनं पाणी घालायच्या. गावातल्या बायकाही जाऊ लागल्या. पान फाट्यावर होतं, ओढ्यावर नव्हतं. बादलीला बंदी नव्हती. पण बादलीनं खाचर भिजत नाही. वाहतं पाणी लागतं. बार्नाबास आता कुणाला काही विचारत नव्हता. त्यानं होडीची गळती बुजवायला घेतली होती, आणि ती बातमी विराच्या कानावर गेली तेव्हा त्यानं जोथमला बोलावून एवढंच म्हटलं, "तो होडी दुरुस्त करतोय."

"ऐकलं."

"पाट तुझा आहे, जोथम."

"पान माझं नाही ना पण!" जोथम जवळजवळ ओरडला. मग लाजला.

त्याच दिवशी हिल्डाआत्या आली. जोथमच्या बापाची ही बहीण. आत्यानं भाच्याला काहीही बोललेलं चालतं, आणि हिल्डाआत्या ही मोकळीक पुरेपूर वापरते. ती ओट्यावर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "काय रे, पाण्याच्या राजा, मिळाला का चोर?"

"नाही."

"सगळ्यांना विचारलंस?"

"सगळ्यांना."

"बायकांना?"

"घरोघर गेलो म्हणजे बायकाही आल्याच की. त्याच जास्त बोलल्या."

"सगळ्या घरी गेलास?"

"हो म्हटलं ना, आत्या. वरपासून खालपर्यंत."

"खालपर्यंत," आत्या म्हणाली. तिनं डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. "खालपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?"

जोथमनं उताराकडे मान वळवली आणि अर्ध्यावरूनच फिरवली.

आमच्याकडे मुलगा मोठा झाला की बहिणीशी बोलणं थांबतं. भांडण नसतं ते, मान असतो. तिचं नाव घ्यायचं नाही, ती ज्या घरात असेल तिथं शिरायचं नाही, ती ज्या वाटेनं आंघोळीला जाते त्या वाटेकडे बघायचं नाही. भाऊ जितका जीव लावतो तितका लांबून जातो. जोथमची धाकटी बहीण मायलीन लग्न होऊन गावातच राहिली, पण अगदी खाली, घळीच्या तोंडाशी. पाटाचं पाणी सगळ्या खाचरांमधून उतरत शेवटी तिच्या खाचरात येतं आणि तिथून घळीत पडतं. तिच्या घराच्या वरच्या वळणावर एक फणसाचं झाड आहे. जोथम रोज पाट तपासत त्या झाडापर्यंत यायचा आणि तिथून माघारी फिरायचा. सबंध गावाला हे माहीत होतं आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तो चांगला भाऊ होता.

"तिथं मी कसा जाणार?" तो हळूच म्हणाला.

"तू नको जाऊस. मी जाते," आत्या म्हणाली आणि काठी टेकत उठली.

ती परत आली तेव्हा तिच्या परडीत एक अळू होतं. तिनं ते जोथमपुढे ठेवलं. वरून पानं बरी दिसत होती. त्यानं उचललं तर गड्डा हातात फुटला, आतून मऊ, करडा, वासाचा. त्या वासानं नेली आतून बाहेर आली.

"हे कुठलं?" जोथमनं विचारलं.

"खालचं."

"पण खाली... दाजी तर ठीक म्हणतात."

"मग काय म्हणेल बिचारा? बायकोच्या भावासमोर? तू तुझ्या मेहुण्यांसमोर कधी वाईट शब्द काढलास?"

जोथमनं नेलीकडे पाहिलं. नेलीनं दुसरीकडे पाहिलं.

"पान तिचं आहे," आत्या म्हणाली. "तिला वाटलं, तुला त्याच दिवशी कळेल. तू मला पाठवशील. रोज वाट बघतेय. मला म्हणाली, आत्या, त्याला पान दिसलं नाही का?"

"तिनं आधी तुला का नाही सांगितलं?"

"भावाचं उणं दुसऱ्याच्या कानावर घालायचं? तशी नाही ती. वर्षानुवर्षं नाही घातलं. वरचे एकेक करून बांधाची तोंडं रुंद करत गेले, हिच्याकडे येईपर्यंत पाण्याची दोरी व्हायची. तरी भागवलं. मग तू नवी वाट काढलीस आणि दोरीही तुटली."

जोथम तो फुटलेला गड्डा हातात घेऊन बसून राहिला. त्याला काही जुळेना. "म्हणजे पाहुण्यांना पाणी देऊ नये असं तिचं म्हणणं आहे?"

"असं कुठं म्हणाली ती? काल बादल्या वाहणाऱ्यांत तीही होती. पाहुण्यांच्याच खाचरात."

"मग पान काढत का नाही?"

"तू विचारलंस का तिला?"

"मी कसा विचारणार, आत्या!"

"तेच तर," आत्या म्हणाली, आणि या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

पुढचं आत्यानंच जमवलं. एका सकाळी मायलीनच्या घरची सगळी माणसं चर्चची झाडलोट करायला वर गेली, आणि आत्यानं जोथमला निरोप पाठवला की घर रिकामं आहे, जा. तो फणसापर्यंत आला आणि थांबला. त्याचे पाय सवयीनं माघारी वळले. तो पुन्हा फिरला. त्यानं नेलीला नंतर सांगितलं की आपण काहीतरी चोरायला निघालो आहोत असं त्याला वाटत होतं.

फणसाच्या पुढे पाट अरुंद होता. इथं कधी सोमवारची टोळी आली नव्हती, कारण टोळीच्या पुढे जोथम असे आणि जोथम फणसाशी फिरे. तरी पाट स्वच्छ होता. काठाचं गवत कापलेलं, खेकड्यांची बिळं दगडाच्या चिपांनी बुजवलेली, आणि त्या चिपा एकीवर एक अशा बसवलेल्या की त्याला मामाच्या हाताची आठवण झाली. दोघांचाही तो मामा होता.

मग खाचरं आली. नवी वाट बंद असल्यामुळे पाण्याची दोरी परत आली होती. बोटाएवढं पाणी भेगाळलेल्या चिखलावरून जाताना दिसत होतं. ते खाचरभर पसरत नव्हतं; एका कोपऱ्यात साचून उन्हात उभं राहत होतं. जोथम गुडघ्यावर बसला आणि त्यानं हात बुडवला. कोमट. त्यानं हात काढला, पुसला, पुन्हा बुडवला, जणू पहिल्या वेळी चूक झाली असेल. वरच्या दोन खाचरांत अळू काढून टाकून तिथं रताळ्याचे वेल लावले होते. खाचरात रताळी! हे कधी झालं असेल? तीन पावसाळ्यांपूर्वी? दहा? त्याला कळायला मार्ग नव्हता. इतकी वर्षं तो पाण्याला वाटेला लावून घरी जात होता आणि पाणी शेवटपर्यंत पोचलंय असं धरून चालत होता.

घराच्या मागे दोरीवर कपडे वाळत होते. त्यानं लगेच मान फिरवली आणि तसाच, मान वळवलेली ठेवून, चढ चढला.

संध्याकाळी नाकामालात त्यानं कावा घेतला नाही. उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती.

"पान कुणाचं ते मला कळलं," तो म्हणाला. "ते मला सांगता येत नाही. मी नाव घेऊ शकत नाही, तुम्हाला माहीत आहे."

एवढ्यावर सगळ्यांना कळलं. दाराजवळ बसलेल्या मेहुण्यानं मान आणखी खाली घातली.

"पान बरोबर आहे," जोथम पुढे म्हणाला. "मी फणसापर्यंतचा पाटकरी आहे. त्याच्या खाली कुणीच नाही. तिथलं अळू सडलंय. आता मला हे कळत नाही, की पाहुण्यांना पाणी सोडलं तर खालचं मरतं, नाही सोडलं तर पाहुण्यांचं मरतं. मी दिवसभर विचार केला. मला सुचत नाही."

विरानं बांधाची तोंडं पुन्हा लहान करायचं काढलं. खाली बघत बऱ्याच जणांनी होकार दिला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं.  मग बार्नाबास खाकरला.

"मी बोललो तर चालेल?"

"बोल की. तू काय लाकडाचा आहेस?" विरा म्हणाला.

"आमच्या खाचरांतून निघालेलं पाणी सरळ घळीत पडतं. वाया जातं. ते वळवून त्या घराच्या मागच्या बाजूनं खाली आणलं, तर तेच पाणी त्यांच्या खाचरांना मिळेल. आमच्याकडे ते थांबत नाही, गारच खाली येईल. खणायचं काम आमचं."

लोक एकदम बोलू लागले. जागा आहे, उतार आहे, मधला खडक फोडावा लागेल, नाही लागणार, वळसा घालू. जोथमला हे आधी का सुचलं नाही हे त्याला समजेना. मग समजलं. त्याच्या मनातल्या पाटाच्या नकाशात तो सगळा तुकडाच नव्हता.

"पण ती वाट बायकांच्या आंघोळीच्या जागेशेजारून जाते," कुणीतरी म्हणालं. "जोथम तिथं लक्ष कसं ठेवणार?"

 जोथमनं बार्नाबासकडे पाहिलं. मामानं हात बुडवून दिलेलं काम कापून दुसऱ्याला द्यायचं, तेही पाहुण्याला. असं कधी कुणी केलं होतं का, त्याला आठवेना.  त्याला राग आला की सुटल्यासारखं वाटलं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"फणसाच्या खाली बार्नाबास बघेल," तो म्हणाला. "तो कुणाचा भाऊ नाही तिथं."

"मला कोण शिकवणार?" बार्नाबासनं विचारलं.

"शिकायला फार नाही. हात बुडवायचा. गार पाहिजे."

खणायला पाहुणे लागले, गावही लागलं. जोथम त्या कामावर जाऊ शकत नव्हता. तो फाट्यावर बसून वरच्या लोकांच्या बांधांची तोंडं लहान करत राहिला, आणि ज्यांच्या घरी त्यानं पोटभर खाल्लं होतं ते सगळे येऊन त्याला सांगत राहिले की माझं आणखी लहान करू नकोस. त्यानं आत्याच्या हाती खाली एक डुक्कर पाठवलं. खालून उलट मानाची, लाल रंगवलेली एक चटई आली. दोन्ही वेळा आत्यानं काहीच सांगितलं नाही, आणि तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल हे सगळ्यांना दिसत होतं.

चर खणून झाला त्या सकाळी जोथम फाट्यापासून वर, वळणाच्या पलीकडे, बांधाकडे तोंड करून बसला. पावलं आली, ती हलकी होती. माती उकरल्याचा आवाज झाला, देठ सुटल्याचा झाला, आणि मग काहीच नाही. पावलं लगेच गेली नाहीत. ती तिथं का थांबली होती, काय बघत होती, तो वळून पाहू शकत नव्हता. बऱ्याच वेळानं ती गेली.

तो खाली आला. पान नव्हतं, मातीत एक छोटं भोक होतं. त्यानं दगड उचलले. पाणी क्षणभर तिथंच घुटमळलं, मग उजवीकडे वळलं आणि सुकलेल्या चिखलावरून फेस करत निघालं. जोथम त्याच्यामागे गेला नाही. तो फाट्यावरच उभा राहिला आणि ऐकत राहिला.

थोड्या वेळानं पाहुण्यांच्या खाचरांतून आरोळी आली. पाणी पोचलं. रोपं जगतील की नाही, हे आता पुढच्या काही दिवसांत कळणार होतं. निम्मी तरी जगतील, असं आदल्या दिवशी बार्नाबास म्हणाला होता. मग पुष्कळ वेळ काही ऐकू आलं नाही. उन्हं पार फाट्यापर्यंत उतरली.

आणि मग खालून, फणसाच्याही पलीकडून, घळीच्या बाजूनं, बार्नाबासचा मोठा आवाज आला, "गार आहे!" त्याच्या मागोमाग बायका हसल्या. चार असतील, पाच असतील. त्यातली एक जरा उशिरा हसली आणि सगळ्यांच्या नंतरही हसत राहिली.

जोथमनं श्वास रोखून ऐकलं. ती असेल का? त्याला ओळखता आलं नाही. तिचं हसू त्यानं ऐकलं होतं तेव्हा ती दातपडक्या वयाची होती.